निर्माल्य काढायला कोण येतंय?

नमस्कार मंडळी. मागे दाराशी उभे आहात ते पुढे या. इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. या ना. आज कुणी मागे राहू नका. लाज वाटत असेल तर पुढे बसून वाटू दे. मलाही वाटतेय, आणि मी तर सगळ्यांच्या समोर उभी आहे.

शुभदा, सई, तुमच्यासमोर बोलणं मला जमेल की नाही, माहीत नाही. मी नीलिमा, आपल्या मंडळाची अध्यक्ष. याच हॉलमध्ये, याच माईकवरून दरवर्षी गणपतीत मी तासन्‌तास बोलत असते. स्पॉन्सर्सचे आभार, आरतीच्या वेळा, कुणाची गाडी कुणाच्या ड्राइव्हवेसमोर लागलीय, सगळं. आज मात्र दोन वाक्यं जुळत नाहीयेत. थोडं सांभाळून घ्या.

विनय गेला. आपला विनय. शुभदाचा नवरा, सईचा बाबा. पुलांची डिझाइन्स करणारा इंजिनियर, मूळचा कराडचा, मायदेश सोडून इथे केलीव्हिलमध्ये आपल्यातल्या बहुतेकांच्या आधी आलेला. आपल्यापैकी कितीतरी जण नवीन आलो तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला तो आला होता. आरतीला त्याचा आवाज सगळ्यांच्या वर आणि सुरापासून सगळ्यांत लांब. तापट होता. भांडायचा. मीटिंगमध्ये "माईक दे, दोन मिनिटं" म्हणाला की आम्ही कमिटीवाले एकमेकांकडे बघायचो. दोन मिनिटांची वीस व्हायची ना! गेल्या वर्षी तर प्रसादने चक्क माईकची बॅटरी काढून खिशात टाकली होती. आम्ही किती हसलो होतो. प्रसाद, मान खाली घालू नकोस रे. काढायला मीच सांगितलं होतं.

आणि तो काय बोलायचा त्या माईकवर? एकच विषय. आपल्या घरांमागचं रिझर्व्ह. ते गम ट्रीजचं, निलगिरीचं जंगल, खाली तो ओढा. आणि त्यात आपण टाकलेलं निर्माल्य.

इथे आज त्याच्या ऑफिसचे लोक आहेत, ज्यांना हे माहीत नसेल, त्यांच्यासाठी सांगते, शेजारी बसलेल्यांनी त्यांना इंग्रजीत समजवा. देवाला वाहिलेली फुलं, पानं, दूर्वा, हार, हे सगळं पूजा झाल्यावर निर्माल्य होतं. ते आम्ही कचऱ्यात टाकत नाही. पायदळी येऊ देत नाही. तिकडे मायदेशी असताना नदीत सोडायचो. इथे नदी कुठली? मग मंडळाने ठरवलं, रिझर्व्हमध्ये, ओढ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली नेऊन ठेवायचं. विनय तेव्हाच उठून म्हणाला होता, "अरे, बागेच्या कचऱ्याची ग्रीन बिन कशाला आहे? त्याचं खत होतं. देवाला खत चालत नाही का?" त्यावर दामले काका म्हणाले, "देवाचं निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात? आमच्या हयातीत नाही." टाळ्या पडल्या. आणि मग मी याच माईकवरून म्हणाले, "निसर्गातलं निसर्गाला परत." किती छान वाटलं होतं मला ते वाक्य. फेसबुकवरसुद्धा टाकलं होतं.

मंडळी, आपण निसर्गाला काय परत केलं ते विनय दरवर्षी सांगत होता. आपण ऐकलं नाही.

आता त्या वेलीचं सांगते. बायकांना माहीत आहे. बदामाच्या आकाराची, जाड, चकचकीत पानं. दिसायला थेट विड्याचं पान. वेंटवर्थव्हिलला दुकानात विड्याची पानं मिळतात, पण कधी असतात, कधी नसतात, असली तर सुकलेली. आणि ही वेल कुंपणावर फुकटात, बारा महिने ताजी. कुणीतरी म्हणालं, देवाला चालते. झालं. देवापुढे विडे मांडायला आपल्या प्रत्येकीला ती हवी झाली. आणि एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून हीच वेल लुटली. छोट्या कुंड्या, त्यांना लाल रिबन. "यंदा प्लास्टिकचे डबे नाहीत हं, पर्यावरणपूरक वाण!" असं मी म्हणाले होते. तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलं होतं. शुभदानेही नेली होती एक कुंडी. विनयने ती घरात येऊ दिली नाही. दारातूनच परत घेऊन आला माझ्याकडे. म्हणाला, "नीलिमा, हे विड्याचं पान नाही. ही मडेरा वेल आहे. हिला बटाट्यासारख्या गाठी येतात. एक गाठ जमिनीवर पडली की झाड गिळते ही. तू वीस घरांत वाटलीस?"

मी म्हणाले, "अरे, एवढं काय? पानंच तर आहेत."

कुंडी माझ्या हातात देऊन तो निघून गेला. मला राग आला. शुभदाला फोन करून मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला वाण परत करतात का हे तरी शिकव. आठवतंय शुभदा? तू सॉरी म्हणालीस. तू मला सॉरी म्हणालीस, आणि मी "नो वरीज" म्हणाले.

मग ती पानं देवापुढून निर्माल्यात गेली, निर्माल्य ओढ्याकाठी गेलं, आणि गाठी रुजल्या. तुमच्यापैकी किती जण गेल्या दोन-तीन वर्षांत खाली उतरून बघून आलात? मी नव्हते गेले. या आठवड्यात गेले. तिथे घाणेरी आधीपासून होतीच. हो, आपली तीच घाणेरी, रंगीबेरंगी फुलांची, इथे तिला लँटाना म्हणतात. तीही कुणीतरी हौसेने बागेत लावायला आणलेली. पण तिच्यावर आता आपली वेल चढली आहे. ज्या झाडाखाली आपण निर्माल्य ठेवायचो ते झाड दिसतच नाही. नुसता हिरवा ढिगारा. आत हात घातला तर ओल. मी हात लगेच बाहेर काढला. विनय त्या ओलीत कोपरापर्यंत हात घालायचा.

त्या ओलीत गोचिडी असतात.

विनयने हेही सांगितलं होतं. वर वेलीचं पांघरूण, खाली दमट अंधार, त्यात घुशीएवढे बँडिकूट हिंडतात आणि त्यांच्या अंगावर गोचिडी. आणि स्प्रिंगमध्ये, म्हणजे वसंतात, त्या जास्त. आपला गणपती येतो तोच इथला स्प्रिंग. आपण नवीन निर्माल्य घेऊन जातो तेव्हाच. त्याला पहिल्यांदा गोचीड चावली तेव्हा तोही बेफिकीर होता हं. खोटं कशाला सांगू. मला म्हणाला होता, "आजोळी म्हशीच्या कानातून बोटांनी उपटायचो आम्ही. गोचिडीला काय घाबरायचं?" उपटली बोटांनी. तोंड सुजलं, डोळे मिटले, इमर्जन्सीत न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, पुन्हा हात लावायचा नाही, जागच्या जागी स्प्रेने गोठवायची. आणि काही महिन्यांनी प्रसादकडे दुपारी मटण जेवला आणि संध्याकाळी अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. मग कळलं, गोचीड चावल्यामुळे मटणाचीही ॲलर्जी होते. आपल्याला हे खरंच वाटलं नाही. कराडचा माणूस आणि मटण सोडलं! कुणी म्हणालं, गुरू केला वाटतं. कुणी त्याचं अभिनंदन केलं. पिकनिकला आपण त्याच्या ताटात जबरदस्तीने रस्सा वाढायला गेलो. "अरे, थोडं खा, काही होत नाही रे." त्याने ताट बाजूला ठेवलं आणि आपण त्याला नाटकी म्हणालो.

तेव्हापासून तो पँट मोज्यात खोचून फिरायचा. अंगाला कीटकांच्या औषधाचा वास यायचा. आरतीला त्याच्या शेजारी कुणी उभं राहायचं नाही. मी स्वतः एकदा सरकून उभी राहिले होते. त्याने पाहिलं होतं ते. तोही सरकला, माझ्यापासून आणखी लांब, म्हणजे मला त्रास नको. विनय, मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं रे. आता रोज वाटतं.

त्याने एकट्याने जायचं नाही, असं शुभदाने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. ॲलर्जीच्या झटक्यावरच्या इंजेक्शनची दोन पेनं जवळ ठेवायची आणि बरोबर माणूस पाहिजे. ही तिची अट. त्या एका दिवसापर्यंत त्याने ती पाळली. म्हणून तर तो आपल्याला विचारायचा.

आता मला ते सांगायचं आहे, ज्यासाठी मी इथे उभी राहिले. शुभदाला विचारूनच सांगतेय.

विसर्जन झालं. निर्माल्य आपण नेहमीसारखं नेऊन ठेवलं. दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या ग्रुपवर विनयचा मेसेज आला. तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. मी वाचते.

"रविवारी सकाळी निर्माल्य काढायला जातोय. कोण येतंय? फुल पँट, मोजे, टोपी. चहा माझ्याकडून."

काय उत्तरं दिली आपण? अंगठे. जोडलेले हात. फुलं. "ग्रेट जॉब विनय." "प्राउड ऑफ यू मेट." "हॅट्स ऑफ." मी लिहिलं, "सलाम तुझ्या कार्याला", आणि पुढे जोडलेले हात. "येतो" असं कुणीच लिहिलं नाही. "येत नाही" असंही कुणी लिहिलं नाही. आपल्याला नाही म्हणायची सवय नाही ना. नाही म्हटलं की वाईट दिसतं. मग आपण हात जोडतो.

त्या शनिवारी शुभदाने ग्रुप उघडून पाहिला. खाली अंगठेच अंगठे. तिला वाटलं, वा, यंदा बरीच माणसं आहेत बरोबर. रविवारी तिने निश्चिंतपणे त्याला सोडलं. मोठ्ठा थर्मास भरून दिला आणि कागदी कप दिले, सगळ्यांना पुरतील इतके. शुभदा, मला पुढे बोलू दे. मी थांबले तर परत सुरू करता येणार नाही.

आपण त्या सकाळी कुठे होतो? माझ्या घरी. श्रमपरिहाराला. गणपतीत राबलेल्या कार्यकर्त्यांचे कष्ट हलके व्हावेत म्हणून जेवण. मिसळ केली होती. एकमेकांना शाली दिल्या, फोटो काढले. कुणीतरी म्हणालं, विनय दिसत नाही. मी म्हणाले, "येईल, रिझर्व्हमध्ये गेलाय त्याच्या गँगबरोबर." गँग! माझ्या समोर सगळी गँग मिसळ खात बसली होती. मी प्रत्येकाचं तोंड बघत होते आणि मला कळलं नाही. खरं सांगू? कळलं असेल. पाव गरम होते, मी वळून ते वाढायला लागले.

तो रिझर्व्हच्या फाटकाशी बराच वेळ थांबला असावा. थर्मासमधला एक कप चहा संपला होता. बाकीचे कप त्यांच्या प्लास्टिकमध्ये तसेच. मग तो एकटाच खाली उतरला. का उतरला, असं तुमच्यातल्या काहींनी मला विचारलं. अरे, त्याला काय गरज होती, म्हणे. गरज? निर्माल्य तीन दिवसांचं झालं होतं. त्यात त्या वेलीच्या गाठी होत्या, आणि एक पाऊस पडला की रुजणार होत्या. आपल्या देवाची फुलं तो उचलत होता. एवढीच गरज.

गोचीड कानामागे होती. बहुतेक टोपी काढताना हात लागला. एक पेन त्याने मांडीत मारून घेतलं होतं. दुसरं वर रस्त्यावर, गाडीतल्या बॅगेत होतं. एखाद्या माणसाने पळत जाऊन आणावं, इतकंच लांब. पळणारं माणूस नव्हतं.

जॅनेट इथे बसल्या आहेत. थँक यू फॉर कमिंग, जॅनेट. कुत्र्याला फिरवायला त्या वाटेने या आल्या आणि त्यांना तो दिसला. त्यांनी ट्रिपल झीरोला फोन केला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या ओल्या पानांत त्याच्याजवळ बसून राहिल्या. त्यांना त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आपल्याला माहीत होतं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सईने मला एकच विचारलं. "व्हाय वॉज ही अलोन, नीलिमा मावशी? देअर वेअर सो मेनी लाइक्स."

सई, त्याचं उत्तर आज देते. तुझ्या बाबाला आम्ही एकटं पाडलं, हे उत्तर आहे. मी ते मराठीतच सांगते, कारण इंग्रजीत मी पटकन सॉरी म्हणून मोकळी होते.

आता थोडंच. शुभदाने निरोप दिला होता, फुलं आणू नका. तरी फुलं आली आहेत. मी बघतेय ना. हार आहेत, गुच्छ आहेत, त्याच्या फोटोसमोर ढीग झालाय. तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे. आपल्या मनात कधीच वाईट नसतं. पण ही फुलं संध्याकाळी कुठे जाणार? सांगा ना. कुठे नेणार होतो आपण ही? ओढ्याकाठी?

दाराशी मी माझ्या घरची ग्रीन बिन आणून ठेवली आहे. आत येताना तुम्ही तिला वळसा घालून आलात. कुणीतरी ती बाजूला सरकवायलाही सांगितलं, शोकसभेत बरं दिसत नाही म्हणून. ती तिथेच राहील. जाताना आपापली फुलं आपापल्या हाताने तिच्यात टाकायची. काल दामले काकांचा फोन आला होता. पंच्याऐंशीचं वय त्यांचं. म्हणाले, "नीलिमा, देवघरातलं निर्माल्य आज डब्यात टाकलं. आधी देवाची क्षमा मागितली, मग विनयची." काका, तुम्ही रडू नका. टाळ्या आम्ही वाजवल्या होत्या.

आणि ज्यांच्या कुंपणावर ती वेल आहे त्यांना सांगते, कापून फेकू नका, गाठी पडतील. मी प्रत्येकीच्या घरी येणार आहे. वाण द्यायला आले होते तशीच परत न्यायला येईन. दार उघडा म्हणजे झालं.

शोकसभेच्या शेवटी दोन मिनिटं मौन पाळायची पद्धत आहे. आज मी तुम्हाला मौन पाळायला सांगणार नाही. मौन आपण त्या रविवारी पाळलं. सगळ्यांनी मिळून, अगदी शिस्तीत पाळलं.

त्याऐवजी मी त्याचा प्रश्न पुन्हा विचारते. ते निर्माल्य अजून तिथेच पडलंय, अर्धं पोत्यात, अर्धं बाहेर. येत्या रविवारी सकाळी आपण ते काढायचं आहे. जॅनेट येणार आहेत. सई येणार आहे. ज्याला यायचं नसेल त्याने नाही म्हणा, मोठ्याने म्हणा, मला राग येणार नाही. फक्त हात जोडू नका. निदान आज तरी कुणी हात जोडू नका.

विनय, तुझा मेसेज मी त्या दिवशी वाचला होता. खरं उत्तर द्यायचं राहून गेलं रे. फुल पँट, मोजे, टोपी. चहा या वेळी माझ्याकडून.

मी येतेय. अजून कोण येतंय?